अंगठीचा सांधा

"आप्पा, तुमच्या अंगठीत सांधा दिसतो. असं का?"

आप्पा महामुनी शेगडीतले निखारे सारखे करत होते. विचारणारा होता विश्राम. त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आणि आता सोनारआळीत ज्याचं नाव निघायला लागलं होतं असा. हात वळायला लागला की मान ताठ होते, त्यात नवल नाही.

"दिसू दे की."

"लोक हसतात. म्हणतात, आप्पांना दिसेनासं झालं."

आप्पांनी शेगडीत आणखी एक कोळसा सरकवला.

विश्रामनं खिशातून कागदाची पुडी काढली. "ही बघा. पट्टी ठोकली, वाकवली. दोन टोकांमधून उजेड जाईना इतकी घासली, मगच डाग देऊन टोकं जोडली. शोधा सांधा. नाही सापडला तर उद्यापासून मी येत नाही. पुण्यात गाळा बघून ठेवलाय."

आप्पांना पोरबाळ नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. बोलायला म्हणून घरात एक विश्रामच यायचा. तो गेला की मग हातोडीशीच बोलायचं, आणि ती काही उत्तर देत नाही.

आप्पांनी भिंग लावलं. अंगठी फिरवली. पुन्हा फिरवली. नख लावून पाहिलं.

"नाही सापडत बाबा. जिंकलास."

विश्राम हसला.

"आता तू दाखव."

विश्रामनं अंगठी उजेडात धरली. फिरवली. हसू हळूहळू ओसरलं.

"इथंच कुठंतरी होता..."

आप्पांनी पेटीतून एक चिंधी काढून तिची गाठ सोडली. आत एक कापलेली अंगठी होती. आतल्या अंगाला 'सगुणा' असं कोरलेलं, आणि काप बरोबर नावातून गेलेला.

"ही मीच केलेली, तुझ्या काकूसाठी. माझाही सांधा तेव्हा कुणाला सापडायचा नाही. दुखण्यात तिचं बोट सुजलं. काळंनिळं पडलं, अंगठी कापायची वेळ आली. नावाला लागू नये म्हणून सांधा पलीकडे ठेवला होता मी... पण वरून सांधा कुठं ते कळेना. ती म्हणाली, कापा हो कुठंही."

निखारे विझत आले होते. विश्रामला वाईट वाटलं, आणि आपली लाजही वाटली.

"मग... जाऊ नको का मी?"

"जा की. चांगला हात आहे तुझा. जा."

विश्राम पाया पडला. चपला घातल्या. आपले डोळे आप्पांना दिसू नयेत म्हणून वळून न बघताच तो दार घट्ट ओढून घ्यायला लागला.

"विश्राम," आतून आप्पा म्हणाले, "दार नुसतं लोटून ठेव."