शूलगडाचे निशाण

निळ्या डोंगरांच्या कुशीतल्या एका राज्यात पद्मलेखा नावाची राणी होती. तिच्या आजोबांनी शेजारच्या दोन राजांसह अग्नीसमोर शपथ घेतली होती : एकावरचा घाला तो तिघांवरचा घाला. पण शत्रू त्यांतल्या एकाच्या शूलगडावर चालून गेला, तेव्हा आजोबा घरात बसून राहिले. शपथ मोडली आणि तिन्ही राज्यांना शाप लागला. कुणाच्याही नगाऱ्याचा आवाज सीमेपलीकडे जाईना.

पुढे कर्कोट नावाचा मांत्रिक मातला. ज्या सैन्याकडे तो पाही, त्याच्या शिळा होत. तिघांपैकी पश्चिमेचे राज्य असेच गेले. मग त्याने शूलगडाला वेढा घातला आणि पद्मलेखेकडे दूत धाडला.

"स्वस्थ बसा," दूत म्हणाला, "तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही."

वृद्ध सेनापती चंडविक्रम हलक्या आवाजात म्हणाले, "महाराणी, शूलगडाने आपल्याला बोलावलेले नाही."

"बोलावले असेल, सेनापती. आपल्याला ऐकू येत नाही."

तेव्हा छत्रावर बसलेला भारद्वाज पक्षी बोलला, "राणी, शाप फिटेल. बोलावल्यावाचून सीमा ओलांड. परक्या निशाणाखाली लढ. जिंकलीस तर काही मिळेल, अशी आशाही धरू नकोस."

राणी सैन्यासह निघाली आणि रात्री एकटीच वेढ्यातून गडाखाली पोचली. शूलगडाच्या तटावर राजा मानवर्मा उभा होता.

"तुमच्या आजोबांची वाट पाहत माझे वडील इथेच पडले," तो म्हणाला.

राणीची मान खाली गेली. "ठाऊक आहे, महाराज. मला आपले निशाण द्या."

मानवर्म्याने तटावरचे निशाण उतरवले. मग ते खाली टाकले. राणीने ते भाल्याला बांधले आणि सैन्याकडे परतून चाल केली.

कर्कोट वळला. पुढची फळी जागीच शिळा झाली. चंडविक्रम तिच्यात होते. राणीचे हात कोपरापर्यंत जड झाले, तरी भाला सुटला नाही. इतक्यात शूलगडाचे सैन्य कर्कोटावर मागून तुटून पडले. कर्कोटाची नजर एक, वैरी दोन्हीकडे. तो गोंधळला, तेव्हाच गडावरचा नगारा डोंगर ओलांडून घुमला. शाप फिटला; त्या नादाने मांत्रिकाचे डोळे विझले आणि मानवर्म्याच्या तलवारीने तो पडला.

शिळांची माणसे झाली. पश्चिमेचे सैन्यही जागे झाले. चंडविक्रम मात्र उठले नाहीत. त्यांची शिळा लढाईत दुभंगली होती.

"काय देऊ?" मानवर्म्याने विचारले.

"काही नको," राणी म्हणाली.

मानवर्म्याने मुकुट उतरवला. "तुमचे सेनापती आमच्या भूमीवर पडले. त्यांना घरी पोचवायला मी येतो."

आणि शूलगडाचा राजा तिरडीला खांदा देऊन, अनवाणी, राणीच्या राज्यात आला. दुसरा खांदा राणीचा होता.