धुरावरचं लाकूड

ती समोरची उतरण दिसते ना, तिला आम्ही धामणखोरं म्हणतो. धामण म्हटल्याबरोबर पाहुणे पाय वर घेतात. घाबरू नका, साप नव्हे, झाड आहे. तिथल्या प्रत्येक धामणीच्या बुंध्याशी कोयत्याचे जुने घाव सापडतील. आणि गावातल्या कुठल्याही घरात वर पाहिलंत, तर चुलीवरच्या आढ्याला धुराने काळं झालेलं एक लाकूड टांगलेलं असतं. ते का, हे माझ्या बापाने मला सांगितलं, तसं तुम्हाला सांगतो. त्याच्याइतकं नीट मला जमत नाही.

फार मागे या डोंगरात धनुष्य नव्हतंच म्हणे. रानडुकरं ज्वारीत शिरली की माणसं आरडाओरडा करायची, गोफणी भिरकवायची. डुकरं कसली जुमानतात! खात्र्या नावाच्या म्हाताऱ्याचा जावई अशाच एका डुकराच्या सुळ्याने गेला. मग म्हाताऱ्याची लेक झिनकी रानाच्या कडेचं ते शेत एकटीने राखू लागली. बापाने परोपरीने विनवलं, माहेरी चल. ती म्हणाली, "बा, माझा माणूस ह्या मातीपायी गेला. ही सोडून मी कुठं जाऊ?"

खात्र्याच्या जिवाला घोर लागला. तरुणपणी त्याने नर्मदेपलीकडच्या लोकांकडे धनुष्य पाहिलं होतं. तसं लेकीला करून द्यायचं त्याने मनावर घेतलं. सरळसोट साग तोडला, तो वाकवताच काडकन मोडला. अंजन तर वाकायलाच तयार नव्हता. हिंडता हिंडता या खोऱ्यात त्याने धामणीचा एक फोक वाकवून पाहिला. तो निमूट वाकला आणि सोडताच झटकन सरळ झाला. म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याच दिवशी त्याने ते लाकूड तासलं, दोरी चढवली आणि लेकीच्या हातात दिलं.

तिथेच चुकलं. ओलं लाकूड ताणून ठेवलं की ते वाकलेलंच राहतं, त्यात जोर उरत नाही. डुकरं आली तेव्हा झिनकीचा बाण तिच्याच पायापुढे पडला. ती झाडावर चढली म्हणून वाचली. शेतात कणीस म्हणून उरलं नाही, आणि ते वर्ष बापलेकीने कंदमुळांवर काढलं.

खात्र्याने धामणीची क्षमा मागून पुन्हा लाकूड तोडलं. पुरतं वाळल्याशिवाय याला दोरी लावणार नाही, असं तो तिथेच बोलला. लाकूड चुलीवर टांगलं. रोज ते फिरवायचा, मोहाच्या बियांचं तेल चोळायचा. लोक हसायचे, म्हातारा लाकूड शिजवतोय म्हणायचे. झिनकीचाही धीर सुटायचा.

"बा, आता तरी दे."

"अजून ओलं हाय, पोरी."

त्या थंडीत तो आजारी पडला आणि लाकूड वाळायच्या आधीच गेला. शेवटपर्यंत त्याची नजर आढ्याकडे होती, असं सांगतात.

झिनकीने मग घाई केली नाही. पुढच्या सुगीच्या तोंडावर तिने ते लाकूड उतरवलं, तासलं, दोरी चढवली. कणसं भरली तशी डुकरं आली. पहिल्याच बाणाने पुढचं डुक्कर कोसळलं, बाकीची पळाली. गावाने ढोल काढले. ती मात्र कोयता घेऊन या खोऱ्यात आली आणि तिने नवं लाकूड तोडलं. कुणीतरी विचारलं, "तुला ना पोर ना बाळ, हे कोणासाठी?"

"कोणीतरी असंल," ती म्हणाली. "त्याला माझ्यासारखी वाट पाहाया नको."

आजही आमच्यात पहिलं धनुष्य स्वतः तोडलेल्या लाकडाचं नसतं. घरात मूल जन्मलं की घरातल्या थोरल्याने खोऱ्यात जाऊन लाकूड आणायचं. पुष्कळदा तोडणारा धनुष्य पाहायला उरत नाही. माझं लाकूड माझ्या आजोबाने तोडलं होतं. त्याचा चेहरा मला आठवत नाही, पण त्या धनुष्याची मूठ अजून हाताला आठवते. आता शिकार राहिली नाही, होळीला खांद्यावर मिरवायचं एवढंच. माझ्या नातवाला तिकडे नाशिकला मुलगी झाली, तेव्हा काठी टेकत मीच खोऱ्यात गेलो होतो. परवा ते लाकूड नखाने वाजवून पाहिलं. खणकन वाजलं, पुरतं वाळलंय. पणतीला मात्र त्यांनी अजून एकदाही इकडे आणलेलं नाही. चुलीपाशी बसून मला रडूच आलं.