सासूच्या कानात गेलेली गोष्ट

"महाराज, ह्या कासारणीनं चोरी केली!" पानाचंद शेठ भर दरबारात ओरडला.

कुसा कासारीण बांगड्यांची टोपली सावरून ताठ उभी होती. शेजारी तिची सासू म्हाळसाबाई. मोतीबिंदूनं डोळे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

"काय चोरलं?" राजा शार्दूलसेनानं विचारलं.

"गोष्ट! माझ्याकडून पोथी घेतली आणि सासूला मोठ्यानं वाचून दाखवली!"

पानाचंदाच्या पोथ्यांचा थाट काय सांगावा! प्रत्येकीला पितळी कुलूप. दाम मोजून पोथी आपण घरी न्यायची, किल्ली शेठच्या कमरेला. त्याचा माणूस किल्ली घेऊन येईल तेव्हा पोथी उघडायची, नाही आला तर तिला हात जोडून गप्प बसायचं. वाचायची घेणाऱ्यानंच, तीही मनातल्या मनात. शेजारणीला द्यायची नाही, लेकीसाठी ठेवायची नाही. उद्या शेठनं गाशा गुंडाळला, तर खुशाल उशाला घ्यायची! इतकी सोय बघून राजा भारावून गेला होता. राजवाड्यातल्या जुन्या पोथ्या काढून तिथं ह्या कुलूपवाल्या भरायच्या, असं त्यानं ठरवूनही टाकलं होतं.

"कुसा, अटी मान्य करूनच घेतलीस ना?"

"घेतली, महाराज. पण आत्याबाईंना दिसत नाही. त्यांनी काय कुलूप चाचपत बसायचं?"

"म्हातारी नदीवर गोष्टीतल्या राजपुत्राला शिव्या घालत होती!" शेठ म्हणाला. "माझ्या माणसानं ऐकलं!"

"मग काय ओवाळू त्याला?" म्हाळसाबाई कडाडली. "भर मांडवातून पळाला मेला!"

दरबारात खसखस पिकली. राजा चिडला. "बास! उद्या दरबार भरेल तेव्हा सासूच्या कानांतली गोष्ट काढून शेठला परत कर. नाहीतर तुझी टोपली जप्त, धंदा बंद!"

शेठच्या मिशा आनंदानं थरथरल्या. कुसा एवढंच म्हणाली, "जशी आज्ञा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती राणीवशात गेली. हळदीकुंकू होतं, राणीला बांगड्या भरायच्या होत्या. राणीचा हात हातात घेऊन कुसानं हिरवा चुडा अलगद चढवला आणि कानाशी लागून काहीतरी सांगितलं. राणी गालात हसली. "मान्य!"

दरबार भरला. राजाशेजारी बसलेल्या राणीनं पदर सारखा केला. किणकिण!

"धरा! चोर सापडला!" कुसा ओरडली.

"कोण?" राजा दचकला.

"तुम्हीच, महाराज! ह्या बांगड्या मी शेठच्या अटींवर विकल्यात. किणकिण फक्त घेणाऱ्याच्या कानांसाठी. राणीसाहेबांनी मान्य केलंय. तुम्ही फुकट ऐकलीत!"

"अगं बये," शेठ उसळला, "हात हलला की बांगडी वाजणारच!"

"का? मनातल्या मनात वाजवायच्या!"

राणीनं मुद्दाम हात हलवला. किणकिण, किणकिण!

"पुन्हा चोरी!" कुसा म्हणाली. "आता महाराज, तुमच्या कानांतली किणकिण काढा आणि माझ्या टोपलीत टाका. कशी काढता ते मी नीट बघते, आणि त्याच रीतीनं आत्याबाईंचे कान रिकामे करते!"

राजाचा हात नकळत कानाकडे गेला. तो तसाच थांबला, आणि राजा असा खदखदून हसला की मुकुट घसरून नाकावर आला.

"शेठ, किल्ल्यांचा जुडगा कुसाच्या टोपलीत टाका! कुलपं सगळी निघाली पाहिजेत. आणि कुलूपवाली एकही पोथी माझ्या वाड्यात येणार नाही. कासारणीबाई, हा माझा कंठा तुमचा. आणखी काय हवं?"

"शेवट, महाराज! काल शेठनं पोथी मध्येच बंद केली. तो राजपुत्र परत आला की नाही, ह्या काळजीनं आत्याबाई जेवल्या नाहीत."

"मग वाच इथंच. मोठ्यानं!"

कुसानं टोपलीतून पोथी काढली, जुडग्यातल्या किल्लीनं कुलूप उघडलं, पान काढलं. राजा सरसावून बसला.

"थांब गं!" म्हाळसाबाई म्हणाली. "पहिल्यापासून वाच. ह्यांना बिचाऱ्यांना आधीचं कुठं ठाऊक आहे!"