जलभवनाचा नारळ

फार पूर्वी माळावरच्या वाढत्या वस्तीला पुढची पन्नास वर्षं पाणी पुरावं म्हणून जनावरांनी समिती नेमली. अध्यक्ष झाले रेडेराव. समितीला ऐसपैस भवन हवं, म्हणून त्यांनी वस्तीतलं एकुलतं एक तळंच बुजवायला काढलं. तळ्यातल्या कासवबुवांनी पाण्याबाहेर मान काढली.

“अहो रेडेराव, पाणी तर इथंच आहे!”

“बुवा, तुमची नजर डबक्यापुरती,” रेडेराव शिंगं हलवत म्हणाले. “आम्ही सात डोंगरांपलीकडची नदी आणणार!”

तळं बुजलं, भवन उठलं, भिंतीवर नदीचा नकाशाही लागला. भर उन्हाळ्यात उद्घाटनाचा नारळ फुटला, तसं फरशीवर सांडलेलं पाणी चाटायला तहानलेली जनावरं तुटून पडली. सगळ्यांत पुढे रेडेरावांची जीभ होती.

“आली का हो नदी?” कासवबुवांनी विचारलं.