फक्कीच्या रेघेवरचा दगड

एका राज्यात रस्त्यांसाठी एक साधा कायदा होता. नवा रस्ता जिथून जायचा, तिथे आधी चुन्याच्या फक्कीने रेघ मारायची आणि ती आठ दिवस तशीच ठेवायची. त्या रस्त्याने ज्याचे नुकसान होणार असेल, त्याने रेघेवर एक दगड ठेवायचा. दगड ठेवणाऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कुदळ मारायची नाही.

वैशाखात राजकन्येचे लग्न ठरले. वऱ्हाड नव्या रस्त्याने यावे, अशी राजाची हौस होती. रस्ते पाहणारा अधिकारी रायाजी याने चैत्रात सरळ रेघ आखली. आठव्या दिवशी तो आला, तर एका घळीत रेघेवर लिंबाएवढा दगड होता.

मुकादम हसून म्हणाला, "साहेब, द्या लाथ! एवढ्याशा खड्यानं राजाचं वऱ्हाड अडतं का? कोण बघतंय?"

रायाजी क्षणभर घुटमळला. दिवस थोडे होते. पण पाय न उचलता त्याने हाक मारली, "दगड कुणाचा?"

"माझा, दादा," म्हणत सगुणा कुंभारीण पुढे आली.

"एवढा लहान ठेवलात, मावशी?"

"मोठा ठेवला असता, तर तुमच्या गाडीवानांनी चुलीला नेला असता!"

सगळे हसले. मग सगुणा म्हणाली, "ही घळ नव्हं, दादा. हा ओढा हाय. आता कोरडा दिसतो, पण पावसाळ्यात ह्याच वाटंनं गावच्या तळ्यात पाणी येतं."

"मी रस्त्याखालून पाणी जायला मोरी ठेवतो."

"मोरी दोन वर्षांत गाळानं बुजंल. मग तळं आटंल. गाव प्यायचं काय?"

रायाजी ओढ्याच्या काठाने तळ्यापर्यंत चालत गेला. सगुणाचे म्हणणे खरे होते. तो तसाच राजाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, रस्ता तळ्याला वळसा घालून न्यावा लागेल."

राजा रागावला. "तो कायदा लोकांच्या रस्त्यांसाठी आहे. माझ्या लेकीच्या लग्नासाठी नाही!"

"तशी ओळ कायद्यात नाही, महाराज. घालायची असेल, तर आजच दवंडी पिटवतो."

"काय सांगशील दवंडीत?"

"राजाघरी लग्न असलं, की गावचं तळं आटलं तरी चालेल."

राजा खो खो हसत सुटला. "नको रे बाबा! हे ऐकलं, तर लेक सासरी जाईपर्यंत माझ्याशी बोलायची नाही. घाल वळसा!"

तळे वाचल्याचे कळताच सारा गाव कुदळी आणि टोपल्या घेऊन धावला. गाणी म्हणत त्यांनी लग्नाच्या आदल्या दिवशी रस्ता पुरा केला.

वैशाखाच्या उन्हात वऱ्हाड आले. पाण्याचा वास लागताच बैल तळ्याकडे वळले. नवरदेवाचा घोडा तर नवरदेवासकट पाण्यात शिरला! वऱ्हाडी हसून हसून लोळले. सर्वांनी तोंडे धुतली, पोटभर पाणी प्याले.

राजाने रायाजीला पुढे बोलावून रस्त्याच्या वळशाची हकिगत सांगितली. तेव्हा नवरदेवाचे वडील राजाला म्हणाले, "व्याहीबुवा, आमचे रस्ते बाणासारखे सरळ, पण वाटेत पाण्याचा थेंब नाही. दर उन्हाळ्यात बैल कोसळतात. मला आहेर नको. तुमचे हे रायाजी तेवढे वर्षभर द्या!"

तात्पर्य: कायदा करणाऱ्याने तो आधी स्वतः पाळावा. लोकांना विचारून आणि पाण्याची वाट राखून केलेला रस्ता थोडा लांब पडला, तरी सर्वांना सुखाने पोहोचवतो.