शास्त्रीबुवांचं सोवळं

“सूर्य उगवल्यापासून चार घटकांत माझे कपडे वाळलेच पाहिजेत! नाहीतर नदीकाठची तुझी वाळवणाची जागा जप्त!” राजे भुजंगरावांनी फर्मान सोडलं.

राजवाड्याचे कपडे धुवायची ठकू परटीण. जागा गेली तर चूलच बंद! पण हा चार घटकांचा आकडा आला कुठून? दरबारी ज्योतिषी धुंडिराजशास्त्री यांच्या पोथीतून! चैत्राचं ऊन चार घटकांत धोतर वाळवतं, असं गणित त्यांनी राजवाड्याच्या गच्चीवर बसून मांडलं होतं.

“महाराज, गणित शास्त्रीबुवांचं, तर पडताळाही त्यांनीच पाहावा,” ठकू म्हणाली. “उद्या त्यांनी आपलं सोवळं माझ्या जागेवर वाळत घालावं. मी बोटसुद्धा लावत नाही!”

“हात्तिच्या! एवढंच ना?” शास्त्रीबुवा हसले.

आता सोवळं म्हणजे पूजेचं धोतर. ते वाळल्याशिवाय पूजा नाही, अन् पूजेशिवाय पोटात अन्नाचा कण नाही! पण चार घटकांचाच तर प्रश्न होता.

पहाटे राजे आले. शास्त्रीबुवांनी ओलं सोवळं नदीकाठच्या धोंड्यावर पसरलं. सूर्योदयाच्या वेळेला घटिकापात्र मांडलं. भोकाची वाटी पाण्यात बुडाली की एक घटका भरली. एक बुडाली, दोन बुडाल्या, चार बुडाल्या. सोवळं ओलं ते ओलंच! शास्त्रीबुवा पंचा गुंडाळून कुडकुडत होते.

“अगं, ऊन कुठाय?” राजे ओरडले.

“त्या भैरवाच्या डोंगरामागं, महाराज! सहावी वाटी बुडाली की या धोंड्यावर येईल. सोवळं वाळेल दहाव्या वाटीला.”

“थापा मारते!” शास्त्रीबुवा ओरडले, पण त्यांचं पोट त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलं.

सहावी वाटी बुडाली अन् धोंड्यावर ऊन पडलं! दहावी बुडाली अन् सोवळं कडकडीत वाळलं. शास्त्रीबुवांनी ते ओढलं अन् पूजेला धूम ठोकली.

“थांबा, शास्त्रीबुवा!” राजे गरजले. “ठकू, पोथी न वाचता तुला हे कळलं कसं?”

“तीस वर्षं ओली धोतरं वाचली, महाराज! बुवांचंही गणित खोटं नाही हं. ऊन आल्यावर चारच वाट्या बुडाल्या, मोजा की! पोथीत सूर्य आहे, चैत्र आहे, फक्त माझा डोंगर तेवढा लिहायचा राहिला!”

राजे पोट धरून हसले. “जागा कायमची तुझी! वर साडीचोळी! आणि शास्त्रीबुवा, यापुढं कुठल्याही गावचं ऊन सांगायचं, तर आधी तिथं जाऊन सोवळं वाळवायचं. उपाशीपोटी!”