उन्हातलं अंडं

"आई म्हणवून घ्यायची लाज कशी वाटत नाही हिला?"

पुरसो खडकावर उभा राहून ओरडला. समोरची सुरय आपलं अंडं उघड्यावर टाकून उडाली होती. पाण्यालगत जात जात ते पाखरू दिसेनासं झालं.

मठाच्या पडवीत रवळूबुवा सुपात तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला विचारतोस?"

"त्या पाखराला."

"बरं..."

पुरसो बुवांचा थोरला शिष्य. बेटावरच्या या मठातच वाढलेला. त्याचं प्रवचन असलं की किनाऱ्यावरची माणसं होड्या करून ऐकायला यायची. विद्वान होता, आणि आपण विद्वान आहोत हे त्याला घटकाभरही विसरता येत नसे. इथंच घोडं पेंड खायचं.

त्याच सकाळी गुणाजी तांडेल होडी घेऊन आला होता. पलीकडच्या वाडीत पुरसोची आई शेवटच्या घटका मोजत होती.

"तुझाच नाव घेता रे," गुणाजी म्हणाला होता. "सांजपर्यंत ऱ्हवात असा वाटणा नाय. भरती असा तवसर चल."

"मला आई नाही," पुरसोने सांगून टाकलं होतं. "असती तर मासळी आटलेल्या वर्षी मला या पायरीवर सोडून गेली नसती."

आणि सकाळची पेजही न घेता, पाय आपटत तो बाहेर आला होता. राग निघाला तो बिचाऱ्या पाखरावर.

बुवा तांदळातला खडा काढत म्हणाले, "सुरय महिना बघून अंडं घालत नाही. मासळी बघून घालते."

"म्हणजे?"

"नर चोचीत तारली मासळी आणून तिला भरवतो. रोज भरवली की तिला धीर येतो, पिल्लाचंही पोट भरेल म्हणून. यंदा तारली आली होती..."

"मग?"

"गेली. खोल पाण्यात गेली. आता नर लांब जातो. कधी उशिरा येतो, कधी येतच नाही. ही बसून राहते."

"बसायचंच! मी असतो तर मेलो असतो, पण उठलो नसतो."

बुवांनी सूप बाजूला ठेवलं.

"बस तर."

"मी?"

"वैशाखाचं ऊन आहे. अंडं भाजून निघेल. त्याच्यावर नुसती सावली धर, दुसरं काही नको. भरती उतरेपर्यंत टिकलास तर गुणाजी एकटा परत जाईल. मी तुला एका शब्दाने बोलणार नाही."

पुरसो हसला. अंड्याशी गेला, मांडी घातली, पाठ वाकवून सावली धरली.

अंडं करड्या ठिपक्यांचं होतं. आजूबाजूला तशीच आणखी अंडी पडली होती, त्यांच्यावर कुणीच नव्हतं. दरवर्षी या दिवसांत पिल्लांच्या कलकलाटाने बेटावर बोलणं ऐकू येत नसे. यंदा फक्त लाटांचा आवाज होता.

ऊन चढलं. खडक तापला. पुरसोची मान भाजू लागली.

पडवीत बुवांनी पेजेचं भांडं उतरवलं. स्वतः घेतली, गुणाजीला दिली. पुरसोला हाक मारली नाही. पेजेचा वास वाऱ्याबरोबर खडकापर्यंत गेला.

पुरसोने डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले...

"एक घोट पाणी," तो स्वतःशीच म्हणाला. "आलोच."

पाणी प्याला. मग उभ्या उभ्याच एक वाटी पेज प्याला. दुसरी घेतली. लोणच्याची फोड चोखली. पोटात कावळे ओरडत होते, दुसरं काही ऐकूच येईना त्याला.

"आधी पोटोबा!" गुणाजी हसून म्हणाला.

पुरसोही हसला. आणि हसता हसता त्याची नजर खडकाकडे गेली.

वाटी खाली पडली. तो धावत सुटला.

परत आला तेव्हा अंडं त्याच्या ओंजळीत होतं. तव्यावरून काढल्यासारखं गरम.

"बुवा... मी जरासाच उठलो होतो."

बुवांनी अंड्याकडे पाहिलं.

"मला ते टाकायचं नव्हतं हो. देवाशपथ नव्हतं टाकायचं. भूक लागली होती..."

एवढं बोलला आणि त्याचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानात शिरला. तो मटकन पायरीवर बसला. ही तीच पायरी. ओंजळीतल्या अंड्यावर वाकून तो हमसाहमशी रडू लागला. गुणाजीने तोंड फिरवलं. त्याचेही डोळे भरले होते.

बुवांनी अंडं हलकेच काढून घेतलं आणि वाळू उकरून पुरलं. मग भांड्यातली उरलेली पेज लोटक्यात ओतली, वर फडकं बांधलं, आणि लोटकं पुरसोच्या हातात दिलं.

"आईने काही खाल्लं नसेल. घोटभर पाज."

पुरसोने मान वर केली. "काय बोलू तिच्याशी?"

पाणी खडकावरून मागे सरकायला लागलं होतं. गुणाजी होडीकडे धावला.

"बोलू नकोस," बुवा म्हणाले. "तू एक सकाळ बसलास. ती तुला घेऊन किती दिवस बसली होती, तेवढं विचारून ये."